जावास्क्रिप्टने क्लास काढला तरी एकाआड एक ओळ रंगीतच? माझा अनुभव

नाशिकच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी लासलगाव-पिंपळगावच्या दरांचं वेबपान करत होतो. बटण दाबलं की सगळ्या ओळींवरचा 'ताजा' क्लास, म्हणजे ओळीला पिवळा रंग देणारं नाव, निघायला हवा. एकाआड एक ओळ पिवळीच राहायची. कॅशे साफ केली, कोड थोडा उशिरा चालावा म्हणून सेटटाइमआउट लावला. डोकं उठलं.

ओळी मी गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने घेऊन लूपमध्ये एकेकीचा क्लास काढत होतो. ही यादी जिवंत असते, म्हणजे पान बदललं की तीही लगेच बदलते. शून्याव्या ओळीचा क्लास निघाला की ती यादीतून गळते, पुढची शून्यावर सरकते, लूप मात्र एकवर जातो, म्हणून ती ओळ सुटते.

आधी क्वेरीसिलेक्टरऑलने ओळी घ्या, ही यादी बदलत नाही. क्लासच्या नावाआधी टिंब हवंच: '.ताजा'. विसरलात तर एररही येत नाही, नुसती रिकामी यादी! मग एकेक ओळ घ्यायला फॉरईच, आत क्लास काढायला क्लासलिस्ट.रिमूव्ह; तिथे टिंब नको. जुनीच पद्धत ठेवायची तर लूप शेवटाकडून उलटा फिरवा.