केसी (Kc, म्हणजे अभिक्रियेचा समतोल स्थिरांक) काढताना पाणी विसरू नका रे
रत्नागिरीत पावसात लाईट गेली की शेजारची बारावीची पोरं वही घेऊन येतात नि दरवेळी इथेच अडतात. समजा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड नि इथेनॉल १-१ मोल घेतलं, त्यातून एस्टर नि पाणी बनतं, समतोलाला एस्टर झालं ०.६७ मोल, म्हणजे पाणीपण ०.६७, उरलं प्रत्येकी ०.३३. वर प्रॉडक्टचा गुणाकार, खाली रिअ‍ॅक्टंटचा, भागलं की साधारण ४. खरं तर मोलला आधी लिटरने भागून काँसन्ट्रेशन काढायचं, पण इथे वरखाली दोन-दोनच आहेत म्हणून ते कटतं. पातळ द्रावणात पाणी सोडायची सवय असते ना, तर पोरं इथेपण सोडतात, अरे बाबा इथे पाणी सॉल्व्हंट नाही, धरायचंच! आणि सुरुवातीचे १-१ सूत्रात घालू नका, समतोलाचेच आकडे घाला. समीकरणात पदार्थाच्या सूत्राआधी २ असेल तर काँसन्ट्रेशनचा वर्ग करायचा, नुसतं दुप्पट नाय.