ब्रेकमधली हवा निघतच नाही? निपल वर करा

घरी बांधलेल्या बग्गीचं ब्रेक पेडल कितीदाही ब्लीड करून (ऑइलमधली हवा काढून) स्पंजी लागत असेल, तर ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, पाहा. बाइकचा किंवा जुन्या मारुतीचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जागेप्रमाणे फिरवून बसवला की निपल खाली जातो आणि हवा वरच अडकते.

१. कॅलिपर सोडवा, ऑइलची होज (नळी) तशीच ठेवा.
२. पॅडच्या मध्ये डिस्कच्याच जाडीची लोखंडी पट्टी घाला. ही विसरलात तर पिस्टन बाहेर येईल.
३. निपल सर्वांत वर येईल असा कॅलिपर धरा. पेडल दाबून ठेवायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. ब्रेकच्या टाकीतलं ऑइल मात्र संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरते.

डॉट ४ ब्रेक ऑइल रंग खातं. चेसिसवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.