मेपल सिरप आणि शिजवलेला टोमॅटो: पोषणाची तुलना कशी करावी?

पोषणाच्या तक्त्यात मेपल सिरप (मेपलच्या झाडाचा आटवलेला गोड रस) आणि शिजवलेला टोमॅटो या दोघांच्या पोटॅशियमची ओळ बघितली तर चक्रावायला होतं. 100 ग्रॅम सिरपमध्ये सुमारे 212 मिलिग्रॅम, तेवढ्याच शिजवलेल्या टोमॅटोत 218. म्हणजे दोन्ही सारखेच? छे! हिशोब असा मांडा.

आधी नोंदी नीट निवडा. अमेरिकी कृषी खात्याच्या ‘फूडडेटा सेंट्रल’ या संकेतस्थळावर दोन्ही पदार्थांचे आकडे मोफत मिळतात. सिरप अस्सल मेपलचंच घ्या. ‘पॅनकेक सिरप’ म्हणून मिळतं ते बहुधा मक्याचं सिरप असतं. टोमॅटो साधा शिजवलेला, मीठ न घातलेला. केचप अजिबात नको, त्यात साखर आणि मीठ दोन्ही.

मग पाण्याचं प्रमाण बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. मेपलच्या झाडाचा साधारण 40 लिटर पातळ रस आटवावा तेव्हा 1 लिटर सिरप होतं. त्यात उरतं जेमतेम एक तृतीयांश पाणी. टोमॅटोत ते 94 टक्के. म्हणून 100 ग्रॅम सिरपमध्ये 260 कॅलरी आणि 60 ग्रॅम साखर, तर टोमॅटोत 18 कॅलरी आणि अडीच ग्रॅम साखर.

आता पोषकद्रव्याला कॅलरींनी भागा आणि 100 ने गुणा. दर 100 कॅलरींमागे पोटॅशियम सिरपमध्ये 82 मिलिग्रॅम भरतं, टोमॅटोत सुमारे 1200. मघाची बरोबरी इथेच संपली.

शेवटी ताटात खरंच किती येतं ते धरा. टेबलस्पूनभर (20 ग्रॅम) सिरप म्हणजे 52 कॅलरी, 12 ग्रॅम साखर. क जीवनसत्त्व शून्य. वाटीभर (150 ग्रॅम) टोमॅटोत 27 कॅलरी आणि 34 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. सिरपच्या बाजूनेही बोलायला हवं: त्या एका टेबलस्पूनमध्ये अर्धा मिलिग्रॅमहून जास्त मँगनीज असतं, शिवाय थोडं रायबोफ्लेविन (ब2 जीवनसत्त्व). पण तेवढ्यासाठी साखर खाणं मला तरी पटत नाही.

कच्च्या टोमॅटोचे आकडे इथे चालणार नाहीत. शिजवल्यावर क जीवनसत्त्व घटतं, उलट लायकोपिन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) शरीराला सहज मिळतं, आणि सोबत तेल असेल तर आणखी चांगलं. फक्त तेही हिशोबात धरा: 5 ग्रॅम तेलाच्या 45 कॅलरी, वाटीभर टोमॅटोपेक्षा जास्त.