अमेरिकेतला कॉलेजचा मित्र खचलाय? मग हे करा
मित्र क्लासला यायचा बंद झालाय, मेसेज बघतो पण रिप्लाय नाही, खोलीत पिझ्झाचे बॉक्स साचलेत, तर सरळ जाऊन शेजारी बसा, लेक्चर देऊ नका प्लीज. आणि स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मोकळं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, तिथेच बसून ९८८ लावा, ही तिथली आत्महत्या रोखणारी हेल्पलाइन, २०२२ पासून हा नंबर देशभर चालतो, चोवीस तास, फुकट, बोलवत नसेल तर टेक्स्ट पण चालतो. बंदूक, औषधाच्या गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत हे बघाच. लगेच धोका वाटला तर ९११, म्हणजे तिथला इमर्जन्सी नंबर. नंतर काउन्सेलिंग सेंटरला सोबत जा, पहिल्यांदा एकट्याने पाय उचलत नाही.