बंदुकांवरची संदर्भपुस्तके घेताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत जामगीच्या बंदुकीपासून काडतुसी दुनळीपर्यंत काहीही निघू शकते. शिंद्यांच्या कवायती पलटणी, पुढे १८५७ पर्यंतची इंग्रज अधिकाऱ्यांखालची काँटिंजंट फौज, शिकारीचा षौक, शिवाय चंबळचा शेजार. पण ही हत्यारे ओळखायला लागणारी पुस्तके बहुतेक विलायतेत नाहीतर अमेरिकेत छापलेली, इंग्रजी आणि महाग. चांगल्या सचित्र ग्रंथाला पाच-दहा हजार सहज लागतात, दुर्मीळ संचाचा आकडा त्याच्या बराच पुढे जातो. एवढे मोजून चुकीचे पुस्तक आले की ते फक्त कपाट अडवते.

भावांच्या पुस्तकाने सुरुवात

नव्या संग्राहकाची पहिली खरेदी बहुधा हीच असते. अमेरिकेत दरवर्षी निघणारे बंदुकांच्या भावांचे जाडजूड पुस्तक, त्यात मॉडेलनिहाय आणि अवस्थेनिहाय डॉलरमधले आकडे. त्या आकड्याला रुपयाच्या दराने गुणून ग्वाल्हेरचा भाव निघत नाही. तिथला भाव खुल्या बाजाराचा. इथे चालू बंदूक परवान्याच्या चौकटीतच हात बदलते, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशात आलेली धरूनही. गिऱ्हाईकच मोजके. त्यात आयात जवळपास बंद, त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरची इथली किंमत डॉलरच्या तक्त्याशी काही नाते सांगत नाही.

या पुस्तकात दोन गोष्टी मात्र कामाच्या असतात: मूळ पॉलिश किती टक्के उरले यावर अवस्था ठरवण्याची पद्धत, आणि कारखान्याच्या क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष. दोन्ही दरवर्षी बदलत नाहीत. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीची आवृत्ती घ्या. भाव शिळे झाल्यामुळे ती फार स्वस्तात मिळते, आणि आपल्याला ते भाव नकोच आहेत.

प्रश्न न ठरवता ग्रंथ मागवणे

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. ‘भारतीय शस्त्रांवरचे चांगले पुस्तक कोणते?’ हा प्रश्न फार ढोबळ झाला. समोरच्या बंदुकीबद्दल नेमके काय हवे ते आधी कागदावर लिहा: कुणी बनवली, कोणत्या सालाच्या आधी बनणे शक्य नाही, कोणता भाग नंतर बदलला.

एक उदाहरण घेऊ. लॉकप्लेटवर, म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेल्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर, मागच्या पायांवर उभा सिंह, पंजात मुकुट. सोबत कहाणी अशी, की ही असईच्या लढाईत इंग्रजांकडून हिसकावलेली. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. ईस्ट इंडिया कंपनीने शस्त्रांवर सिंहाची खूण घालायला सुरुवात केली १८०८ मध्ये. त्याआधीची खूण म्हणजे चार भागांत विभागलेले हृदय आणि त्यात कंपनीची अक्षरे. म्हणजे असई बाद. शिंदे-इंग्रजांच्या २९ डिसेंबर १८४३ च्या महाराजपूर-पनिहारच्या लढायांना मात्र ही खूण आड येत नाही. एवढी एक तारीख हाताशी असती तर ‘असईची’ म्हणून सांगितलेला जादा भाव वाचला असता.

दुसरे नेहमीचे प्रकरण म्हणजे ‘सत्तावनची एनफिल्ड’. १८५३ च्या पॅटर्नच्या एनफिल्ड रायफलचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .५७७ इंच (सुमारे १४.७ मिमी), आणि नळीत आटे, म्हणजे आतून कोरलेल्या पिळाच्या खाचा. बंडानंतर हिंदी फौजेसाठी तशाच दिसणाऱ्या बिनआट्यांच्या बंदुका काढल्या, त्यांचा बोअर .६५६ इंच, म्हणजे सुमारे १६.७ मिमी. लांबून दोन्ही सारख्याच. व्हर्नियर (व्यास मोजायचे मापक) तोंडाशी आडवा आणि उभा असा दोनदा लावा, कारण गज घासून तोंड एका बाजूला झिजते. सोळाच्या वर माप आले आणि आट्यांचा मागमूस नसला, तर १८५७ ची कहाणी विसरा. हे ठरवायला व्हर्नियर आणि पॅटर्नचा तक्ता पुरतो, सगळा ग्रंथ लागत नाही.

आणि मॅन्टन. नळीवर हे नाव दिसले की लोक लंडनच्या मॅन्टन बंधूंवरचे नील आणि बॅक यांचे १९६७ चे पुस्तक शोधू लागतात. तो ग्रंथ मोलाचाच आहे. पण जोसेफ मॅन्टन १८३५ मध्ये वारला, आणि त्याचा काळ तोंडातून ठासायच्या, चकमकीच्या व टोपीच्या (पर्कशन कॅपच्या) बंदुकांचा. आपल्याकडे निघते ती बहुधा कलकत्त्याच्या मॅन्टन कंपनीने विकलेली, मागून काडतूस भरायची दुनळी. तिची ओळख पटते नळीच्या खालच्या अंगावरच्या प्रूफच्या, म्हणजे नळीची चाचणी झाल्याच्या, शिक्क्यांवरून. पत्त्यातल्या चौकटच्या आकारात १२ आणि सी असे दिसले तर बंदूक १८८७ च्या नियमांनंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असे कोरलेले असेल तर १८७५ ते १८८७ च्या दरम्यानची. अशा बंदुकीसाठी दुर्मीळ चरित्रग्रंथावर पैसे घालण्यापेक्षा प्रूफ-शिक्क्यांची एक पातळ पुस्तिका घ्यावी.

एकाच ग्रंथावर विसंबणे

प्रत्येक पुस्तकाची एक आंधळी बाजू असते आणि ती लेखकाने काय पाहिले यावर ठरते. एगर्टन यांचे १८८० चे पुस्तक लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या संग्रहावर उभे आहे. तिथे पोचल्या त्या नक्षीदार, राजदरबारी वस्तू. साध्या शिपायाची, दस्त्याला पितळी पट्टी ठोकून दुरुस्त केलेली बंदूक त्यात शोधून सापडणार नाही, आणि सापडली नाही म्हणून ती नकली ठरत नाही. स्टोन यांचा १९३४ चा कोश जगभरच्या शस्त्रांचा आहे. नाव शोधायला उत्तम, पण एखाद्या प्रांताच्या खोलात तो जात नाही. जी. एन. पंत यांचे तीन खंड हिंदुस्थानी शस्त्रांसाठी सोयीचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांना मात्र हार्डिंग यांच्या चार खंडांना पर्याय नाही. पण ते कंपनीपुरतेच. शिंद्यांसाठी आग्र्याला घडलेली बंदूक तुम्ही त्यांत ताडून पाहाल आणि ‘कोणत्याच पॅटर्नशी जुळत नाही’ म्हणून उगाच निराश व्हाल.

आवृत्ती न तपासता पैसे देणे

एगर्टन यांचे तेच पुस्तक १८९६ मध्ये वाढवून वेगळ्या नावाने निघाले. दोन्ही नावे पाहून लोक दोनदा पैसे देतात. १८९६ चे घेतले की पहिल्याची गरज अभ्यासासाठी उरत नाही.

शिवाय एगर्टन १९०९ मध्ये वारले आणि स्टोन १९३५ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे दोघांचीही मूळ पुस्तके आता मोकळी आहेत. स्कॅन फुकट मिळतात, डोव्हर या प्रकाशकाची कागदी बांधणीतली पुनर्मुद्रणेही निघालेली आहेत. मूळ प्रतीला मोठी किंमत द्यायची ती जुन्या ग्रंथाचा षौक म्हणून द्या, माहितीसाठी देऊ नका.

पुनर्मुद्रणात मार बसतो तो चित्रांना. मागणीनुसार छापणारे लोक स्कॅनवरूनच छापतात. बारीक रेघांची छटा काळी पडते, शिक्क्यातले अक्षर भरून जाते, आणि घडीचा नकाशा अर्ध्यावर कापलेला येतो. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: मुखपृष्ठामागचे प्रकाशनाचे पान, चित्रसूचीचे पान, आणि शिक्क्यांचे कोणतेही एक पान जवळून. शिक्का फोटोत वाचता आला नाही तर पुस्तकातही येणार नाही. जुनी प्रत असेल तर चित्रसूचीतला आकडा आणि प्रत्यक्षातली चित्रे मोजून घ्यायला सांगा. पाने फाडून फ्रेम करून विकण्याचा धंदा जुना आहे.

संच आणि सुटा खंड

हार्डिंग यांचे चार खंड १९९७ ते १९९९ दरम्यान निघाले. खरेदी व रचना, पॅटर्नची सूची, दारूगोळा, आणि वापरणारे शिपाई, असे विषय वाटले आहेत. बंदूक ओळखायला दुसरा खंड लागतो. तो सुटा रास्त भावात मिळाला तर घ्यावा. पुढेमागे विकायचा विचार असेल तर हिशेब उलटा होतो, कारण तुटक्या संचाला भाव येत नाही आणि राहिलेला एक खंड शोधताना उरलेल्या तिघांइतके पैसे जातात. आपण वाचणारे की गुंतवणूक करणारे, हे आधी ठरवावे. दोन्ही एकदम सहसा जमत नाही.

विकताना मोल कशाने घटते हेही ठाऊक हवे: जॅकेट (पुस्तकावरचे सुटे वेष्टन) नसणे, ग्रंथालयाचा शिक्का, शाईने समासात लिहिलेल्या नोंदी. आणि सगळ्यात मोठा फटका म्हणजे प्रकाशकाने नवी आवृत्ती जाहीर करणे. चढ्या भावाने घेतलेले दुर्मीळ पुस्तक त्या दिवशी नुसते जुने पुस्तक होते.

छापील किंमत म्हणजेच खर्च समजणे

समजा पुस्तक ७,००० रुपयांचे. आर्ट पेपरवरचा मोठा ग्रंथ दोन-तीन किलो भरतो, म्हणून टपालाचे ४,००० धरा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावले. ते टपालासकट किमतीवर धरले तर ५५०, त्यावरचा अधिभार ५५. कार्डाची परकीय चलनाची आकारणी ३ टक्के धरली तर आणखी ३३०. सातचे पुस्तक बाराच्या घरात गेले. हलकी पुस्तिका आणि जड ग्रंथ यांची तुलना घरपोच किमतीवर करा. दोघा-तिघांनी मिळून एक पार्सल मागवले तर टपाल बरेच उतरते.

पार्सलच्या घोषणापत्रावर ‘छापील पुस्तक’ हे शब्द पहिले हवेत, असे विक्रेत्याला लिहून कळवा. नुसतेच ‘एनफिल्ड रायफल’ लिहिलेला खोका पुढे सरकायला वेळ लागला, तर त्यात कस्टमवाल्याचा दोष नाही.

एखाद्याच पानाची गरज असेल तर खरेदीच टाळता येते. विद्यापीठाच्या किंवा संग्रहालयाच्या ग्रंथालयात पुस्तकाचे नाव, खंड आणि विषय लिहून विचारणा करावी. आणि जयविलास राजवाड्यातला संग्रह व गुजरी महालाचे संग्रहालय गावातच आहे. पुस्तकातले चित्र पाहून मग प्रत्यक्ष वस्तूसमोर उभे राहण्याची सोय फार थोड्या गावांत मिळते.

पुस्तक हातात, बंदूक समोर

जुळवणीला बसण्याआधी एक काम. ठासणीची बंदूक भरलेलीच टांगून ठेवलेली असू शकते, आणि काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. नळीचे तोंड कुणाच्याही दिशेला नको. बारीक लाकडी काठी तळापर्यंत हलकेच सोडा, तोंडाशी पेन्सिलची खूण करा, काढून नळीला बाहेरून लावा. टोक रंजकाच्या छिद्रापर्यंत (नळीच्या तळाशी ठिणगी आत जाते त्या भोकापर्यंत) पोचले तर आत बार नाही. दोन-तीन इंच अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे: बार, चिंधी किंवा कुंभारीण माशीचे घर. देशी नळीचा तळ कधी कधी अरुंद असतो, म्हणून जाड काठी फसवते. शंका राहिली तर टोचू नका, तापवू नका, परवानाधारक कारागिराकडे सोपवा.

मग मापे: नळीची लांबी, तोंडाचा व्यास, लॉकप्लेटची लांबी, तिच्या दोन स्क्रूंमधले अंतर. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. कंपनीच्या फौजेतल्या इंडिया पॅटर्न मस्केटची नळी ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर. ती ८० भरली तर पुस्तक चुकले नाही, कुणीतरी नळी कापली आहे. शिक्का जुळला म्हणजे बंदूक जुळली, असेही नाही. एकीचे लॉक दुसरीच्या दस्त्यात बसवणे सर्रास चालायचे. प्लेटभोवती लाकडात फट, लाकडाचा भरलेला तुकडा किंवा वापरात नसलेले स्क्रूचे छिद्र दिसले की समजावे.

शिक्का वाचण्यासाठी पॉलिश पेपर, चिंच-राख किंवा पितळेची पावडर अजिबात नको. गेलेला गडद थर परत येत नाही आणि त्याबरोबर किंमतही जाते. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा, किंवा अंधारात टॉर्च आडवा धरून फोटो घ्या.

पुस्तक जपताना

बंदुकीच्या कपाटातच पुस्तके ठेवू नयेत. तेलाचे डाग आर्ट पेपरमधून निघत नाहीत. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात गोंदाने चिकटवलेली बांधणी तडकते, म्हणून तेव्हा ती पाठीवर पूर्ण उघडू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. गुळगुळीत पाने भिजून तशीच वाळली की त्यांची वीट होते. ओली असतानाच पानांमध्ये कोरडे कागद घालून पंख्याखाली ठेवली तर काही वाचतात.

पुस्तकाला कागदपत्र समजणे

ग्रंथात ‘१८४० सुमार’ लिहिले आहे म्हणून परवाना नको, हा गैरसमज महागात पडतो. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तर. नुसते वय पुरत नाही. बंदूक घेण्याआधीच कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा, अर्जाला मापे, फोटो आणि पुस्तकातल्या त्या पानाची प्रत जोडा. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर विकायचे तर मनातही आणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तीला ती बाहेर पाठवता येत नाही, परदेशी लिलावाच्या सूचीत तिचा भाव कितीही दिसो.