डुकरांच्या इन्फ्लुएन्झावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात आठवीत शिकत होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आमच्याच शहरात झाला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या आणि डुकरांपासून दूर राहिले म्हणजे आपण सुरक्षित, असा समज घरोघरी पसरला. पुढे पशुवैद्यकाची पदवी घेऊन अमेरिकेतील आयोवा राज्यात याच विषयावर पीएचडी करायला आले, तेव्हा तो समज किती अर्धवट होता ते कळले. त्या विषाणूची जनुके डुकरांमधून आलेली होती हे खरे. पण साथीत तो माणसाकडून माणसाकडे पसरला आणि पुढे माणसांनीच तो अनेक देशांतील डुकरांना दिला.

या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा विचारतात की, कोणत्या उत्परिवर्तनामुळे हा विषाणू डुकरांमध्ये पसरू लागतो. असे एकच उत्परिवर्तन नसते, हे मनाशी पक्के करूनच वाचनाला सुरुवात करावी.

इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या आठ सुट्या खंडांचा असतो. त्याची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेजकडे झालेली चूक तपासून सुधारण्याची सोय नसल्यामुळे बदल, म्हणजेच उत्परिवर्तने, सतत होत राहतात, आणि एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर अख्खे खंडच एकमेकांत मिसळतात. या दोन प्रक्रियांची गल्लत नवशिक्यांकडून हमखास होते. २००९ च्या विषाणूचे सहा खंड उत्तर अमेरिकेतील डुकरांच्या विषाणूंमधून आणि दोन खंड युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूंमधून आलेले होते. ही अदलाबदल झाली, तिला उत्परिवर्तन म्हणत नाहीत.

उत्परिवर्तनांचे काम समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते १९७९ मधील युरोपच्या उदाहरणापासून सुरुवात करावी. त्या सुमारास पक्ष्यांमधील एक एच१एन१ विषाणू आठही खंडांसह तिथल्या डुकरांमध्ये शिरला आणि कायमचा स्थिरावला. पक्ष्यांचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील सायॲलिक आम्ल या शर्करेच्या ज्या जोडणीला चिकटतो, तिच्यापेक्षा डुकराच्या श्वासनलिकेत विपुल असणारी जोडणी वेगळी आहे. त्यामुळे विषाणूला पेशीवर पकड देणाऱ्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या पकडीत बदल व्हावे लागतात. पेशीत शिरल्यावर पॉलिमरेजला यजमानाच्या, म्हणजे लागण झालेल्या प्राण्याच्या, एएनपी३२ए या प्रथिनाची मदत लागते. माणसाचे हे प्रथिन पक्ष्यांच्या विषाणूला फारशी साथ देत नाही, डुकराचे मात्र बऱ्यापैकी देते. म्हणजे पक्ष्यांच्या विषाणूला डुकरात आरंभीचा आसरा मिळतो आणि पुढचे बदल होण्याइतका अवधीही मिळतो. मला या विषयातला सर्वांत सुंदर दुवा हाच वाटतो.

पीबी२ या पॉलिमरेजच्या घटक प्रथिनातील अमिनो आम्लांच्या साखळीत ६२७ व्या जागेबद्दल तुम्ही बरेच वाचाल. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले की सस्तन प्राण्यांच्या पेशींत पॉलिमरेज जोमाने चालते. असे असूनही २००९ च्या साथीच्या विषाणूत ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्लच होते. ती उणीव ५९० आणि ५९१ या जागांवरील बदलांनी भरून काढली होती. म्हणून एखादी ठरावीक जागा तपासून ‘धोका नाही’ असा निष्कर्ष काढू नये. हिमॅग्लुटिनिनची आम्लाला तोंड देण्याची क्षमताही अशीच दुर्लक्षित राहते. हे प्रथिन सौम्य आम्लातच उलगडले, तर विषाणू पेशीत शिरण्याआधीच निकामी होऊ शकतो. त्यामुळे ते अधिक टिकाऊ करणारे बदल प्रसाराला हातभार लावतात.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका नमुन्यात मला हिमॅग्लुटिनिनच्या २२५ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन दिसले. विषाणू पुन्हा पक्ष्यांच्या जोडणीकडे वळतो आहे, असे समजून मी अहवालाची तीन पाने लिहून काढली. मार्गदर्शकांनी ती वाचून एवढेच विचारले, “हा विषाणू वाढवला कशात होता?” तो कोंबडीच्या अंड्यात वाढवलेला होता. अंड्याच्या आतील पेशींवर पक्ष्यांच्याच पसंतीची जोडणी असते आणि तिथे वाढताना नेमका हाच बदल निवडला जातो. मूळ स्वॅबमधून थेट सिक्वेन्सिंग केले, म्हणजे जनुकांचा क्रम वाचला, तेव्हा २२५ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लच निघाले. तेव्हापासून कोणताही क्रम पाहण्याआधी नमुना कुठून आला, कशात आणि किती वेळा वाढवला गेला, हे मी वहीत लिहून ठेवते. तो बदल खरोखर डुकरातला असला, तरी त्याने प्रसार वाढतो असे म्हणायला पेशींवरचे आणि प्राण्यांवरचे प्रयोग लागतात, आणि त्यांत वर्षे जातात.

नमुने गोळा करण्याचे काम कनिष्ठ समजून टाळू नका. आम्ही गोठ्यात डुकराच्या खांद्याच्या उंचीवर सुती दोरी टांगतो. पिल्ले कुतूहलाने ती चघळू लागतात, वीस-तीस मिनिटांत दोरी लाळेने जड होते, मग तिचे टोक प्लॅस्टिकच्या पिशवीत पिळून लाळ नळीत भरायची. एका दोरीत अख्ख्या कप्प्याची लाळ येते, म्हणून विषाणू आहे की नाही हे कळायला ती उत्तम. पण दोन डुकरांचे दोन विषाणू तिच्यात मिसळलेले असू शकतात आणि त्यातून जुळवलेला जनुकसंच प्रत्यक्षात कुठल्याच डुकरात नसलेला, असाही निघू शकतो. कोणते बदल एकाच विषाणूत एकत्र आहेत हे ठरवायचे असेल, तर एकेका डुकराच्या नाकातला स्वॅब घ्यावा लागतो. पिल्लू धरताना ते कानठळ्या बसतील इतके किंचाळते. त्याची सवय व्हायला मला दोन महिने लागले.

गोठ्यात काम सुरू करण्याआधी दरवर्षी फ्लूची लस घ्या आणि ताप, खोकला असेल त्या दिवशी तिथे पाऊल टाकू नका, मग नमुन्यांचे वेळापत्रक कोलमडले तरी चालेल. २००९ चा विषाणू माणसांकडून डुकरांमध्ये पुनःपुन्हा जात राहिला आहे, आणि दरवेळी तिथल्या विषाणूंशी त्याचे खंड नव्याने मिसळले आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतील पशुप्रदर्शनांमध्ये डुकरांच्या संपर्कातून ३०० हून अधिक लोकांना ज्या एच३एन२ विषाणूची लागण झाली, त्याच्या आठ खंडांपैकी एम नावाचा खंड २००९ च्या विषाणूचाच होता.