वाचनाच्या तासाला पुस्तक मुलांनाच निवडू द्या
दुसरी-तिसरीच्या वर्गात पुस्तकं कपाटात कोंडण्यापेक्षा दोरीवर टांगा, मुखपृष्ठं दिसतील अशी. आवडेल ते मुलाने काढावं, एक पान वाचावं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावं. मूठ वळली तर पुस्तक जड आहे. पण हट्टच असेल तर जोडीदारासोबत वाचू द्या, हिसकावू नका. नंतर चित्र काढायचं, नक्कल करायची की शेजारच्याला गोष्ट सांगायची, तेही त्यानेच ठरवावं. पर्याय तीनच ठेवा, नाहीतर निम्मा तास ठरवण्यातच जातो. पुस्तकं कमी असतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार फुकट मिळतात. जोडाक्षरांवर अडखळणाऱ्या मुलाने रोज तेच पुस्तक उचललं तरी हटकू नका, ओळखीच्या ओळींवरच वेग येतो.